पांढरीपांडे बाईंचा स्वस्त केक

पांढरीपांडे बाई मला कधीच आवडल्या नाहीत. मागच्या महिन्यात त्या नागपूरला वारल्याची बातमी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि तासाभरात तिथे जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, 'बाई कडक, पण मन लोण्याचं.' कुणी लिहिलं, 'वरून फणस, आत गरे.' मी चार वेळा काहीतरी टाइप केलं आणि चार वेळा पुसलं. शेवटी सगळ्यांसारखं 'ॐ शांती' टाकून फोन उपडा ठेवला. पण तेव्हापासून डोक्यात आहे, की आत गरे नव्हते. मी जवळून पाहिलंय. काटे थेट गाभ्यापर्यंत गेलेले होते.

त्या आम्हाला गृहविज्ञान शिकवायच्या. जबलपुरातली मुलींची शाळा, वर्गात निम्म्या मराठी, निम्म्या हिंदी घरांतल्या. बाई दोन्हीकडच्यांना सारख्याच तुच्छतेने वागवत. उंच, हाडकुळ्या, पांढरी सुती साडी, आणि अंबाड्यात खोचलेली स्वेटर विणायची लोखंडी सुई. केक आतून शिजला की नाही ते बघायला ती सुई अंबाड्यातून निघायची, केकच्या पोटात जायची, पदराला पुसली जाऊन पुन्हा अंबाड्यात. मधल्या वेळात ती आमच्याकडे रोखलेली असायची. नाव घेत नसत. आडनाव. "देशकर, नखं." "तिवारी, केस." "घाटे, अक्कल." मी घाटे.

नववीत एकदा केक शिकवणार होत्या. सामान घरून आणायचं. माझे बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीत क्लार्क, आम्ही चार भावंडं. आईने वाटीभर वनस्पती तूप फडक्यात बांधून दिलं होतं. बाईंनी वाटी नाकाजवळ नेली.

"हे काय आणलंस?"

"तूप, बाई."

"हे तूप नाही. घरी परवडत नाही तर गृहविज्ञान काहून घेतलं? भूगोल घ्यायचा होता. नकाशाला तूप लागत नाही."

वर्ग हसला. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी विसरलेही असते. पण त्यांनी त्याच तुपाचा केक माझ्याकडून करवला, तो कापून चाळीस मुलींना एकेक तुकडा वाटला आणि म्हणाल्या, "आता सांगा, वास येऊन राहिला का नाही?" चाळीस मुली वास घेत होत्या आणि मी टेबलापाशी उभी होते. घरी आईने विचारलं, "झाला का गं केक चांगला?" मी म्हटलं, "झाला." मी आईशी ठरवून बोललेलं ते पहिलं खोटं.

पुढे तीसएक वर्षं मी बाईंना टाळलं. जबलपूर तेवढं मोठं आहे. त्या रिटायर होऊन इथल्याच गोरखपूर भागात बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतात आणि ऑर्डरचे केक करतात, एवढं ऐकून होते. त्या बाजारातली माझी खरेदी मी नेहमी पलीकडच्या रस्त्याने करत असे.

मग माझ्या ऋचाचं लग्न ठरलं. मुलगा एडविन, तिच्याच ऑफिसातला. सालस मुलगा. वडील नाहीत, आई ग्रेस रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. आमच्याकडे रडारड झाली नाही, पण उत्साहही नव्हता. यजमान कामाला होते ती रिछाईतली फॅक्टरी वर्षभरापूर्वी बंद पडली होती, आणि तेव्हापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरत होते. घर माझ्या रेल्वेच्या नोकरीवर चाललेलं. लग्न त्यांच्या चर्चमध्ये, जेवण त्यांच्याकडून. फेब्रुवारीतली तारीख धरली आणि ग्रेसचा फोन आला.

"आपकी तरफ़ से बस केक. और कुछ नहीं."

मी फोन ठेवला तेव्हा कान गरम झाले होते. बस केक! म्हणजे याहून जास्त आम्हाला झेपणार नाही, असंच ना? मी यजमानांना काही बोलले नाही. ऋचाला म्हटलं, "आपण असा केक नेऊ, की त्यांचं चर्च बघत राहील."

हे म्हणणं सोपं होतं. सदर बाजारातल्या एका चकाचक दुकानात गेलो, तिथल्या मुलीने स्क्रीनवर तीन मजली, पाच मजली, मोत्यांचे, फुलांचे केक दाखवले. भाव किलोवर. वरची साखरेची चादर वेगळी, फुलं वेगळी, स्टँडचं भाडं वेगळं. दीडशे माणसांना पुरेल असा केक सांगितला, तशी तिने आकडा लिहिलेला कागद आमच्याकडे सरकवला. ऋचाने तो वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला. दुसऱ्या दुकानातला माणूस जास्त प्रेमळ निघाला. "दीदी, नीचे का असली रखो, ऊपर के दो थर्मोकोल के. क्रीम लगा देंगे. फोटो में किसी को पता नहीं चलता." खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. पण खालच्या एका थरात दीडशे माणसं कशी भागणार?

"मम्मा, ऑफिस में सब बोल रहे हैं, गोरखपुर में कोई आंटी हैं," ऋचा म्हणाली. "खूप चांगला करतात म्हणे, आणि सस्ता भी. बस थोड़ी खड़ूस हैं."

मी लगेच ओळखलं.

फोन ऋचाने लावला. पलीकडून आवाज आला तो मला शेजारी बसून ऐकू आला. "कोण? अन् काहून?" हॅलो नाही, काही नाही. पुढे कळलं, दर वेळी हेच. हिंदी माणसालासुद्धा हेच मराठीत विचारायच्या आणि तो गोंधळला की फोन ठेवायच्या.

रविवारी सकाळी गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर पाटी नाही. पुढच्या खोलीत पनागरचा एक मटाराचा व्यापारी बसला होता, मुलाच्या रिसेप्शनला केक हवा म्हणून आलेला. बाई दारात उभ्या होत्या, पूर्वीपेक्षा वाकलेल्या, पण सुई जागच्या जागी. व्यापारी बिचारा अजिजीने म्हणत होता, "माताजी, थोड़ा तो कम कीजिए. हम दस किलो ले रहे हैं."

"तुम्हारे मटर में छिलका कितना निकलता है?"

"जी... आधा तो निकलता है."

"तो आधे के पैसे लेते हो?"

"नहीं, वो तो—"

"मेरे केक में छिलका नहीं है. उठो."

तो उठला. जाताना मला हळूच म्हणाला, "बहनजी, आप हिम्मतवाली हो." बाईंनी ते ऐकलं आणि त्याच्या चपला पायाने दाराबाहेर ढकलल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"घाटे."

तीस वर्षांनी. लग्नानंतर माझं आडनाव बदललंय हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"हात धुऊन या. दोघी. मग बोला."

आम्ही मोरीत हात धुतले. ऋचाने मोबाइलवरचा तीन मजल्यांचा फोटो पुढे केला. बाईंनी फोन हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

"तीन मजले काहून पाहिजे? लग्न करून राहिलीस का बिल्डिंग बांधून राहिलीस?"

ऋचाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाई, जरा बजेटमध्ये बसवायचं आहे. वरचे दोन थर थर्मोकोलचे केले तर—"

"माझ्या घरात थर्मोकोल येत नाही." सुई अंबाड्यातून निघाली होती. "किती माणसं खाणार?"

"दीडशे."

"किती जण फोटो काढणार?"

"सगळेच."

"म्हणजे दाखवायला एक अन् खायला वेगळा. सरळ तसं सांगायचं ना. कापायला एक छोटा करते, चांगला सजवलेला. एकच थर. तो नवरानवरीसमोर ठेवा, फोटो काढा. वाढायला चार मोठे ट्रे. तोच केक, तेच तूप, वर काही नक्षी नाही. आत स्वयंपाकघरात तुकडे करायचे आणि प्लेटा बाहेर पाठवायच्या. कोणी बघायला येते आतमध्ये?"

मग त्यांनी भाव सांगितला. सदरच्या दुकानातल्या आकड्याचा तिसरा हिस्सासुद्धा नव्हता. आणि अट घातली: सहा आठवडे आधी सुका मेवा संत्र्याच्या रसात भिजत पडणार, मध्ये एकदा चव घ्यायला यायचं, त्यानंतर कोणी तोंड उघडायचं नाही.

खरं तर तिथेच उठायला हवं होतं. पण ज्याला स्वस्तात पाहिजे त्याला राग परवडत नाही. मी हो म्हटलं.

चव घ्यायला गेलो त्या दिवशी त्यांनी ऋचाला रडवलं. पोरगी ऑफिसमधून थेट आलेली, ओठांना रंग लावलेला. बाई म्हणाल्या, "पूस. केकची चव घ्यायची आहे का लिपस्टिकची?" इतपत ठीक. मग म्हणाल्या, "बाप कुठं आहे तुझा? पोरीचं लग्न, अन् आई एकटी फिरून राहिली. घरात बसून का करते तो?" ऋचा सगळं सहन करते, बाबांबद्दल नाही. तिचे डोळे भरले. ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मला तेव्हा इतक्या वर्षांचं एकदम आठवलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नववीत माझ्या आईच्या तुपाचा वास चाळीस मुलींना घ्यायला लावला होता."

त्या ट्रेला कागद लावत होत्या. हात थांबला नाही.

"असेल."

"तुम्हाला आठवत नाही?"

"मी रोज एकीला तरी रडवत होते. तीस वर्षं. सगळ्या कशा लक्षात ठेवू?" आणि एक तुकडा बशीत टाकून माझ्यापुढे सरकवला. "खा. अन् सांग, संत्रं कमी आहे का."

मी खाल्ला. रागाने खाल्ला. असा केक मी आयुष्यात खाल्ला नव्हता. ओलसर, दाट, कुठे गोड कुठे किंचित कडसर, आणि तुपाचा वास, खऱ्या तुपाचा, अगदी शेवटी येणारा. मला ती चव मुळीच आवडायला नको होती. मी म्हटलं, "ठीक आहे." बाई म्हणाल्या, "ठीक नाही. संत्रं कमी आहे. तुला तेव्हाही समजत नव्हतं."

लग्नाच्या दिवशी त्या स्वतः आल्या. आम्ही बोलावलं नव्हतं. ऑटोतून, छोटा केक मांडीवर घेऊन, ट्रे पायाशी. चर्चच्या हॉलमधल्या मुलांवर ओरडत त्यांनी टेबल खिडकीपासून हलवायला लावलं, ऊन येत होतं म्हणून. फुलांचा गुच्छ उचलून खाली ठेवला, केकपेक्षा मोठा दिसतो म्हणून. केक मात्र... पांढरा, कडेने साखरेच्या पातळ पाकळ्या, एकच थर, पण त्या मोठ्या टेबलावर तो कुठेही गरीब दिसत नव्हता. यजमान नव्या कोटात अवघडून उभे होते. ते प्रथमच हसले. ग्रेस लांबून बघत होती. तोपर्यंत त्या फोनशिवाय आमची एकमेकींशी नमस्कारापलीकडे बोलणी नव्हती. मी तिच्याकडे पाहून मान ताठ केली. बघ म्हटलं, बस केक.

केक कापला, टाळ्या झाल्या, प्लेटा फिरल्या. ग्रेसकडच्या चार बायका माझ्याभोवती जमल्या. कोणी चर्चमधल्या, कोणी जुन्या नर्सेस. "इतना बढ़िया केक! कहाँ से बनवाया?" मी सांगणार तोच मागून आवाज आला.

"मैंने बनाया है." बाई हातात सुरी घेऊन उभ्या होत्या. "लड़की की माँ को तो सबसे सस्ता चाहिए था. ऊपर थर्मोकोल लगवा रही थीं."

मला फक्त त्या बायकांचे चेहरे दिसत होते. यजमान दोन पावलांवर होते, त्यांनी हातातली प्लेट टेबलावर ठेवली. मी पुन्हा चौदा वर्षांची झाले होते, आणि सगळे वास घेत होते.

ग्रेस पुढे आली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"सस्ता तो मैंने बोला था इनको. मैंने ही कहा, बच्चों का पैसा है, फालतू खर्चा मत करना. थर्मोकोल भी मैंने ही बोला."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "आप झूठ बोल रही हैं."

"हाँ," ग्रेस म्हणाली. "तो?"

बाईंना आयुष्यात असं उत्तर मिळालं नसावं. त्या सुरी नॅपकिनला पुसत राहिल्या. ग्रेसने एक भरलेली प्लेट त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "खाना खाकर जाइएगा." मग माझं मनगट धरून मला हॉलच्या मागे, हात धुवायच्या नळांपाशी घेऊन गेली. तिचा तळवा घामाने भिजला होता.

"ये औरत है कौन?" ती म्हणाली. "इतनी बदतमीज़! मेरा तो दिल धक-धक कर रहा है."

मी तिला नववीतला केक सांगितला. वाटी, फडकं, चाळीस मुली, सगळं. माझ्या नवऱ्यालाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. ग्रेस ऐकता ऐकता रडायला लागली आणि मग दोघी हसायला लागलो, लग्नाच्या साड्या नळाच्या पाण्यात भिजेपर्यंत. मी तिला शेवटी विचारलंच, "आपने बस केक क्यों माँगा था?"

तिने डोळे पुसले. "एडविन ने बताया था, भाई साहब का काम बंद है. कुछ नहीं माँगती तो आपको बुरा लगता. ज़्यादा माँगती तो मुझे शर्म आती. तो सोचा, केक." मग म्हणाली, "और सच बोलूँ? केक इतना अच्छा है, यही तो मुसीबत है. गाली भी ठीक से नहीं दे सकते."

त्या दिवसापासून आमची सोयरीक खरी जुळली. लोक म्हणतात लग्नं दोन घरांना जोडतात. आमची दोन घरं पांढरीपांडे बाईंच्या शिव्याशापांवर जुळली. ग्रेसचा आठवड्यातून तीनदा फोन येतो, यजमान तिच्या नळाची दुरुस्ती करायला जातात आणि जेवून येतात. याचं श्रेय बाईंना द्यायला मी तयार नाही. त्यांनी ते ठरवून केलेलं नव्हतं. त्यांना फक्त मला चार लोकांत खाली बघायला लावायचं होतं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'बाईंच्या रागामागे माया असायची.' माझ्या माहितीत त्यांच्या रागामागे आणखी थोडा राग असायचा. तूप मात्र खरं असायचं. संत्रं कमी असलं तर त्या सगळा ट्रे गाईला घालत, आणि गाईलाही दोन शब्द सुनावत, हे मी ऐकलंय.

त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नानंतर वर्षभराने, जबलपूर स्टेशनावर. आमचं ऑफिस जवळच आहे, मी दुपारी कोणाला तरी कागद द्यायला फलाटावर गेले होते. नागपूरकडच्या गाडीची वेळ होती. बाई व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या, केस कोणीतरी कापून टाकले होते, मुलासारखे. त्यांना नागपूरला न्यायला आलेला भाचा सामान मोजत होता आणि भाच्याची बायको त्यांच्या कानाशी वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलत होती.

"आत्याबाई, गाडी येऊन राहिली हं. घाबरायचं नाही हं. आपण छान छान बसू, हं?"

मी चहाच्या स्टॉलआड उभी राहिले. भेटायची इच्छा नव्हती. पण निघूनही गेले नाही.

गाडी लागली. त्या सूनबाईने रुमाल काढला आणि बाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसायला हात पुढे केला. बाईंनी तो हात फटकारला. एवढ्या गर्दीत तो आवाज मला ऐकू आला. सूनबाई मागे सरली.

"हात धुतले का?" बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, शब्द अर्धेमुर्धे येत होते, पण कळत होते. "अन् घाबरून कोण राहिलं? गाडी काय खाते मला?"

मग त्या खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठल्या. भाचा धरायला आला, त्याला कोपराने ढकललं. डब्याच्या दाराचा दांडा दोन्ही हातांनी पकडून त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि तशाच थांबल्या. मागे रांग लागली. एक माणूस म्हणाला, "माताजी, जल्दी." त्यांनी वळून त्याच्याकडे फक्त बघितलं. तो गप्प झाला. सगळी रांग गप्प झाली.

कितीतरी वेळ बाई त्या एका पायरीवर होत्या. मी पुढे गेले नाही. माझ्या मनात एवढंच होतं की कोणी त्यांना हात लावू नये. कोणी लावला नाही. दुसरा पाय वर गेला, आणि त्या आत दिसेनाशा झाल्या.